बंदरावरची पंगत : अलेक्झांड्रिया, शूर्पारक आणि जुन्नरचा एक यवन

शिवनेरीच्या डोंगरातील लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक जेमतेम सहा शब्दांचा लेख आहे. 'गतां'पैकी चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढेच तो सांगतो. मूळ प्राकृतातला शब्द आहे 'भोजणमटपो'. यवन हा शब्द त्या काळी ग्रीकांसाठी आणि सैल अर्थाने पश्चिमेकडून आलेल्या कोणासाठीही वापरला जाई. अशा माणसाने सह्याद्रीच्या कड्यात जेवणाची जागा कोरवून घ्यावी आणि आपले नाव त्याच कारणाने दोन हजार वर्षे मागे ठेवावे, ही गोष्ट साधी नाही. या धाग्याचा विषय तोच : भूमध्य समुद्र आणि कोकणची बंदरे यांच्यामधल्या ये-जा करणाऱ्यांचे खाणेपिणे, त्यांची मुक्कामाची ठिकाणे आणि त्यांचा खर्च उचलणारी माणसे.

रोमन व्यापाराची कथा आपल्याकडे बहुधा सोन्याने सुरू होते आणि सोन्यानेच संपते. रोमन लेखक प्लिनी याने तक्रार केली होती की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स गिळतो. ते वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात आपल्या ऐश्वर्याचा दाखला म्हणून येते. परंतु सोने स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. जहाजावर खलाशी असतात, व्यापारी असतात, हिशेब लिहिणारे असतात, आणि या सगळ्यांना दिवसातून दोनदा भूक लागते. त्या भुकेची नोंद सोन्याइतकी झळकत नसली तरी पुसलेली नाही.

प्रवासाची सुरुवात भूमध्य समुद्राकाठच्या अलेक्झांड्रियाहून. फॅरोस बेटावरच्या उंच दीपस्तंभामुळे हे बंदर ओळखले जाई. तेथून माल नाईल नदीने वर कॉप्टोसपर्यंत नेत. त्याला १२ दिवस लागत. पुढे वाळवंट. उंटांवर माल लादून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके गाठायला आणखी १२ दिवस. उन्हामुळे बहुतेक चाल रात्रीची असे आणि दिवस पाणवठ्याच्या ठाण्यांवर काढावा लागे, असे प्लिनी नमूद करतो. म्हणजे समुद्र दिसण्यापूर्वीच या वाटसरूंना दुसऱ्याने राखलेल्या विहिरीवर अवलंबून राहण्याची सवय लागलेली असे. पुढे आपल्या किनाऱ्यावर त्यांना नेमके तेच मिळणार होते.

जुलैच्या सुमारास जहाजे निघत आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत. परतीसाठी ईशान्येचा वारा हवा, आणि तो डिसेंबरच्या सुमारास धरावा लागे. मधले महिने किनाऱ्यावरच जात. या सक्तीच्या मुक्कामाकडे इतिहासाच्या पुस्तकांचे लक्ष क्वचितच जाते. एखादे मोठे जहाज बंदरात महिनोन् महिने उभे राहिले की तेथे तांदूळ, लाकूडफाटा, पाणी, निजायची जागा, दुभाषा आणि उधारी देणारा सावकार या सगळ्यांचीच गरज पडते. स्ट्राबो हा भूगोलकार सांगतो की एकट्या मायोस हॉर्मोस या तांबड्या समुद्रावरील बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत. ती वेगवेगळ्या बंदरांत विखुरली तरी माणसांची संख्या लहान राहत नाही.

या बंदरांतून काय जाई, हे 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत वाचायला मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा अनुभवी व्यापाऱ्याने ती लिहिली. त्याचे नाव टिकलेले नाही. आरियाके आणि बारिगाझा, म्हणजे उत्तर कोकण-गुजरातचा पट्टा आणि भडोच, येथून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात त्याने गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसापासून निघणारा 'साक्खारी' नावाचा मध नोंदवला आहे. हा साक्खारी म्हणजे आपली शर्करा. भडोचच्या मालात पिंपळीही आहे. रोमन बाजारात पिंपळीचा भाव रत्तलाला १५ दिनार होता, तर काळ्या मिरीचा ४. मिरीत तिखटपणावाचून घेण्यासारखे काय आहे, असे प्लिनी वैतागून विचारतो. पण त्याचे देशबांधव ऐकत नव्हते.

तांबड्या समुद्रावरील अडुलिस बंदरात उतरणाऱ्या भारतीय मालाच्या यादीत आणखी एक जिन्नस आहे : रंगाची लाख. गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकाने येथे क्षणभर थांबायला हरकत नाही. पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची लाख हे वैनगंगेच्या खोऱ्यातले जुने रानउत्पन्न, आणि गोंदियाच्या नावाची लोकप्रिय व्युत्पत्तीही डिंक आणि लाख यांच्याभोवतीच फिरते. पेरिप्लसमधली लाख याच रानातली होती, असा दावा कोणी करू नये. मात्र तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथे पूर्वेकडील किनारी प्रदेशांतून नानाविध माल येई आणि तेथून गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोचकडे जाई, असे तीच पुस्तिका स्पष्ट सांगते. पूर्व किनारा आणि तेर यांच्यामध्ये जो मुलूख पडतो, त्यात विदर्भ आहे.

उलट दिशेने काय येई? भडोचच्या आयातीत पहिलेच नाव मद्याचे आहे. त्यातही इटलीच्या मद्याला पसंती, त्याखालोखाल लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य वेगळे. मद्य भरण्याचे दोन कानांचे उंच रांजण, ज्यांना अँफोरा म्हणतात, त्यांची खापरे नेवासे, तेर, जुन्नर अशा ठिकाणी सापडल्याचे उत्खननांच्या अहवालांत आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने भारतातील अशी अनेक खापरे पुन्हा तपासली, तेव्हा रोमन समजली गेलेली काही भांडी प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडची, आतून डांबर लावलेली आणि बऱ्याच वेळा नंतरच्या काळातली निघाली. म्हणून 'आमच्या गावात रोमन दारूचे रांजण निघाले' असे छायाचित्र समाजमाध्यमावर दिसले, तर आधी खापराच्या आतल्या बाजूचा रंग विचारावा.

आता बंदराकडे. पेरिप्लस ज्याला सौप्पारा म्हणते ते शूर्पारक, आजचे नालासोपारा. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उकलला. दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या, आठ लहान कांस्यबुद्ध निघाले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यालाच मिळाला. इतके प्रतिष्ठित बंदर, पण तेथे उतरणारा सामान्य वाटसरू कोठे टेके? याचे उत्तर सोपाऱ्यात नाही, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे.

तेथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. तो क्षत्रप नहपानाचा जावई, दीनीकाचा पुत्र आणि जातीने शक. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवासस्थाने बांधली, असे लेख सांगतो. मधोमध अंगण, चारी बाजूंना ओवऱ्या, अशी ही धर्मशाळा. तिच्याबरोबर बागा, तळी आणि विहिरी. भरुकच्छ आणि शोर्पारग ही तर थेट बंदरेच. गोवर्धन नाशिकजवळ आणि दशपूर म्हणजे माळव्यातले मंदसोर. चारही नावे नकाशावर ठेवली की व्यापारी वाट आपोआप उमटते.

यापुढचा तपशील अधिक सुंदर आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर उषवदाताने मोफत तरी ठेवल्या. दमणगंगा, डहाणूची खाडी, तापी ही नावे आजही ओळखू येतात. भडोच ते सोपारा हा किनाऱ्याचा रस्ता दर काही कोसांवर एखाद्या नदीने तोडलेला. प्रत्येक उतारावर नावाड्याला पैसे मोजायचे म्हटले तर गरिबाचा प्रवास तेथेच संपे. उषवदाताने तो खर्च उचलला, शिवाय दोन्ही काठांवर बसायला मंडप आणि पाणपोया घातल्या. नानंगोल गावातील ३२ हजार नारळीची झाडे त्याने चरकांच्या, म्हणजे भटक्या साधूंच्या, परिषदांना दिली; त्यांतली एक परिषद शोर्पारगच्या रामतीर्थावर होती. वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचाही उल्लेख आहे. त्या लाखाच्या आकड्यावर अक्षरशः विश्वास ठेवण्याचे कारण नाही. प्रशस्तीत लाख हा शब्द 'पुष्कळ' या अर्थाने येतो. नद्यांच्या सहा नावांचे तसे नाही. कोणी खोटी बढाई मारायची म्हणून दाहनुकेच्या उताऱ्याचे नाव कोरत नाही.

पैशाची व्यवस्थाही तेथेच लिहिलेली आहे, आणि ती वाचताना बँकेचे पासबुक उघडल्यासारखे वाटते. ३,००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा १, आणि १,००० वर शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. मुद्दल कधीही मोडायचे नाही. पावसाळ्यात भिक्षू लेण्यांत थांबत. त्याच पावसाळी वाऱ्यावर भूमध्य समुद्राकडची माणसे सुटत आणि पाऊस ओसरताना किनाऱ्याला लागत. दोघांचेही पंचांग एकाच मोसमाने आखलेले.

सोपारा आणि कल्याणहून घाटावर चढायचे तर नाणेघाट. माथ्यावर नागनिकेचा प्रदीर्घ लेख, त्यात यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद, आणि जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण, ज्यात जकात गोळा होई अशी जुनी समजूत आहे. घाट चढून पुढे गेले की जुन्नर. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी-कोरीवकामे आहेत. घाटातून आलेला तांडा येथे थांबे आणि पुढे पैठण-तेरकडे वळे. मोठे विहार आणि मोठ्या व्यापारी वाटा यांचा शेजार योगायोगाचा नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात : विहाराला दाते हवे होते, तांड्याला पाणी आणि सुरक्षित मुक्काम.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांची तीन दाने नोंदली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चंद नावाच्या यवनाने एका लेण्याचे दर्शनी द्वार दिले. आणि चिताने भोजनमंडप. पाणी, दार आणि जेवणाची जागा. ज्याने आयुष्याचा मोठा भाग रस्त्यावर काढला आहे, त्याला या तिन्हींचे मोल कळते. कार्ल्याच्या चैत्यातही धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दिले आहेत, पण ते दान भव्यतेत सामील होण्याचे आहे. जुन्नरच्या तिघांचे दान रोजच्या वापराचे आहे, आणि म्हणून अधिक बोलके.

भोजनमंडप संघासाठी होता, हे विसरता कामा नये. भिक्षू माध्यान्हीपूर्वी एकदा जेवत. मंडप त्यांच्या पंगतीचा. त्याला व्यापाऱ्यांची खानावळ म्हणणे हा अतिरेक होईल, आणि तसे कोठेतरी लिहिलेले आढळले तर ते खुशाल खोडावे. खानावळीच्या जवळ जाणारी संस्था होती ती उषवदाताची चौसोपी. तरीही चिताचे दान पाहुणचाराच्या त्याच व्यवहारात बसते. परक्या मुलखात ज्याला दुसऱ्याच्या ओवरीत बसून जेवावे लागले असेल, त्याने दुसऱ्यांच्या जेवणासाठी ओवरी कोरवली. येथे पाहुणा यजमान झालेला दिसतो.

पण चित खरोखरच भूमध्य समुद्राकडून आला होता का? येथे अभ्यासकांचे जुने भांडण आहे. 'गत' या शब्दावरून स्टेन कोनो या विद्वानाने युरोपातील गॉथ लोकांपर्यंत मजल मारली होती. ती कल्पना फारशी कोणी स्वीकारली नाही. कार्ल्याच्या यवनांची नावे सिंहध्वज, धम्म अशी पुरती देशी आहेत. नाशिकच्या १७ व्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणवतो, पण आपण उत्तरेकडील दत्तामित्री गावचे आहोत असेही सांगतो. म्हणजे तो जहाजाने नव्हे, वायव्येकडून खुष्कीच्या मार्गाने आलेल्या ग्रीक वसाहतींचा वारस. त्याच्या बापाचे नाव धम्मदेव आणि मुलाचे धम्मरक्षित. तेव्हा 'यवन' वाचले की अलेक्झांड्रियाचा खलाशी डोळ्यांसमोर आणायचा, ही घाई झाली.

दुसऱ्या टोकाला जाऊन सगळेच यवन येथलेच होते असे म्हणणेही तितकेच घाईचे. इरिल आणि चित ही नावे कार्ल्याच्या नावांसारखी सरळ देशी वळणाची नाहीत, आणि जुन्नर तर थेट बंदरांच्या वाटेवर. बहुधा या एका शब्दात दोन-तीन पिढ्या सामावल्या असाव्यात : नुकतेच उतरलेले, येथे घर केलेले, आणि येथेच जन्मून केवळ आडनावापुरते यवन उरलेले. ज्या काळात दीनीकाचा शक मुलगा सोपाऱ्याच्या वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधतो आणि यवन बौद्धांच्या पंगतीला छप्पर देतो, त्या काळाला 'आपले' आणि 'परके' असे दोन कप्पे पुरत नाहीत. त्या लेखांतल्या माणसांना आपण कोण हे सांगायला संकोच वाटलेला नाही. यवन असे लिहूनच त्यांनी दान दिले.

आणि पलीकडच्या बंदरांत आपली माणसे? अलेक्झांड्रियाच्या नागरिकांपुढे भाषण करताना डायो क्रिसोस्टम याने श्रोत्यांत इथिओपियन, अरब, इराणी यांच्याबरोबर काही भारतीयही बसल्याचे म्हटले आहे. इटलीच्या नेपल्स आखातातील पुतेओली बंदरात अलेक्झांड्रियाची जहाजे लागत, तेव्हा सारे गाव धक्क्यावर लोटे, असे सेनेका वर्णन करतो. त्याच आखातावर पाँपेई. तेथे रस्त्याकडेला दगडी ओटे आहेत, ओट्यांत रांजण पुरलेले, आणि त्यांतून गरम जेवण विकले जाई. या दुकानाला थर्मोपोलियम म्हणत. ज्यांच्या घरात चूल नव्हती असे गरीब लोक येथेच खात. २०२० मध्ये पूर्ण उघड झालेल्या अशा एका दुकानातील रांजणांत बदक, बकरी, डुक्कर, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. आणि याच शहरातील एका घरात १९३८ मध्ये भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती, सुमारे २५ सेंटीमीटर उंच. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली. ती बहुधा यक्षी असावी. तिचे सर्वांत जवळचे नातलग तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्ती आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडले गेले, तेव्हा ती तेथे होती.

बेरेनिकेच्या उत्खननात तर स्वयंपाकघरच सापडल्यासारखे झाले. मंदिराच्या आवारात पुरलेल्या भारतीय घडणीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली. तांदूळ, मूग, नारळाच्या करवंट्याही मिळाल्या. तांदूळ आणि मूग ही रोमन मेजवानीतली चैन नव्हे. ज्यांना पाव आणि ऑलिव्ह यांवर दिवस काढवत नव्हते, अशा माणसांचा तो शिधा असावा, असा उत्खनकांचा कयास पटण्यासारखा आहे. वाळवंटाच्या काठावर कोणीतरी खिचडीसारखे काही रांधत होते. अलीकडे तेथेच संगमरवरी बुद्धमूर्ती, संस्कृत लेख आणि सातवाहनांची नाणी मिळाल्याचे जाहीर झाले.

हे सारे अखंड सुखाने चालले होते असे मात्र नाही. थोरल्या सरगनसाच्या काळात कल्याण हे अधिकृत बंदर होते, पण पुढे ते सँडनीसच्या ताब्यात गेल्यावर तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदरेच पणाला लागली होती. महिनाभर समुद्र कापून आलेल्या माणसाला भाताऐवजी पहारेकरी समोर दिसत. झगड्याचा निकाल १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मडक्यांत सापडला : नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपान गेला. त्याच्या जावयाच्या नावा, पाणपोया आणि धर्मशाळा किती वर्षे चालल्या असतील, याची कल्पनाच करावी.

गोंदियाच्या वाचकाला या कथेचे एक टोक पाहण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया ज्याचा भाग होता त्या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तेथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा मोठा स्तूप आणि दात्यांची नावे कोरलेले दगड उजेडात आले. पवनीतच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, मिळाला होता. क्षत्रप हा हुद्दा तोच, जो नहपानाचा होता. नावाची घडण परदेशी, लिपी ब्राह्मी, दगड वैनगंगेच्या काठचा. पवनीला जाणाऱ्याने किल्ल्याची तटबंदी पाहून परत फिरू नये. टेकडीवर जावे, आणि येताना शिदोरी बरोबर ठेवावी.